नकाशात देश नको, बंदरं बघा : वाचकांचे प्रश्न, कप्तानाची उत्तरं

मागच्या अंकात तांबड्या समुद्रावर लिहिलं, त्यावर एकतीस पत्रं आणि मेल आले. सगळ्यांना उत्तर देता येत नाही, म्हणून सहा निवडले आहेत. त्याआधी एक दुरुस्ती. बाब-अल-मांदेबची, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या तोंडाची, रुंदी मी '२९ मैल' लिहिली होती. ते २९ किलोमीटर आहेत. भूगोलाच्या एका निवृत्त बाईंनी पोस्टकार्ड पाठवून कान धरला. अडतीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्यांचं म्हणणं मान्य.

*

मुलगा थर्ड ऑफिसर आहे. जानेवारीत नवीन बोट मिळतेय. एजंट म्हणतो सुवेझमार्गे युरोपला जाईल. मुलगा म्हणतो, 'आई, गाझात शस्त्रसंधी झाली, आता तिकडे कोणी काही करत नाही.' जाऊ द्यावं का?
*(एक आई, गुहागर)*

ताई, शस्त्रसंधीबद्दल तो खरं सांगतोय. १० ऑक्टोबर २०२५ ला गाझात शस्त्रसंधी झाली आणि हुतींनी (उत्तर येमेन हातात असलेला सशस्त्र गट, गाझासाठी म्हणून इस्रायलशी संबंध असलेल्या बोटींवर मारणारा) हात आखडता घेतला. पण अशीच शांतता २०२५ च्या सुरुवातीलाही होती. जानेवारीत गाझात आधीची शस्त्रसंधी झाली, तेव्हा 'गॅलेक्सी लीडर'चे २५ जण सुटले. ही मोटारी वाहून नेणारी बोट तुर्कस्तानातून आपल्या पिपावावला रिकामी येत होती. १९ नोव्हेंबर २०२३ ला हेलिकॉप्टरमधून माणसं डेकवर उतरली आणि पुढचे चौदा महिने त्या पोरांनी येमेनमध्ये काढले. ती सुटली तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. आणि जुलैत एका आठवड्यात 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' या दोन बोटी बुडवल्या. सप्टेंबरच्या २९ तारखेला 'मिनर्व्हाग्राख्त' पेटली. म्हणून काही महिन्यांच्या शांततेवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

मुलाला 'जाऊ नको' सांगण्याऐवजी एजंटला तीन गोष्टी विचारायला सांगा.

पहिली, या मालकाची दुसरी कुठली बोट गेल्या वर्ष-दोन वर्षांत इस्रायलच्या बंदरात लागली होती का? जुलैतल्या दोन्ही बोटींचा गुन्हा तेवढाच होता. त्या स्वतः नव्हे, त्यांच्या मालकांच्या दुसऱ्या बोटी तिकडे गेल्या होत्या. मुलगा बोटीचा झेंडा बघून निर्धास्त झाला असेल तर त्याला सांगा, झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक, खलाशी फिलिपिनो आणि माल चिनी असं सगळीकडेच असतं. हुती मालकाची वही बघतात.

दुसरी, बोट आंतरराष्ट्रीय युनियनच्या करारात आहे का? त्या करारात २०२४ पासून तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग युद्धसदृश क्षेत्र धरला आहे. तिथे जायला नकार देता येतो, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. गेलात तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, आणि काही बरंवाईट झालं तर भरपाईही दुप्पट. करारात नसेल तर हे सगळं एजंटच्या तोंडावर अवलंबून.

तिसरी, जे सांगाल ते लिहून द्याल का? २०१० साली मला एका एजंटने 'सिंगापूर ते चीन' सांगून चढवलं होतं. नाव घेत नाही, त्यांचं दुकान अजून चालू आहे. कोलंबो सोडल्यावर कंपनीचा संदेश आला, एडनच्या आखाताकडे वळा. तेव्हा तिथे सोमाली चाच्यांचा हंगाम जोरात होता. माझ्या हातात नकार द्यायला कागदाचा चिटोरा नव्हता. रेलिंगला काटेरी तारा गुंडाळल्या, फायर होज बाहेर सोडून ठेवले, रात्री दिवे घालवले आणि गेलो. ब्रिजवर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बोसनने (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तारांवर रिकामे डबे बांधले होते, कोणी चढलं तर वाजावेत म्हणून. वारा आला की तेच वाजायचे, आणि दर वेळी सगळ्यांच्या माना वळायच्या.

एक गोष्ट मात्र मुलगा शिकलाच असेल, तरी विचारा. चाचे आले तर आम्ही सगळे खाली इंजिनरूममध्ये पोलादी दारं लावून बसायचो. आता तसं बसायचं नाही. २०२४ च्या जूनमध्ये 'ट्यूटर' नावाच्या बोटीवर स्फोटकांनी भरलेली, माणूस नसलेली होडी येऊन आदळली, ती इंजिनरूमपाशीच. तिथे असलेला एक जण गेला. त्यामुळे चाच्यांसाठी खाली, क्षेपणास्त्र आणि होडीसाठी पाण्याच्या पातळीच्या वर, मधल्या जिन्यात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात कोण आलंय हे ओळखायचं असतं. त्याच्या बोटीवर दोन्हीची कवायत वेगवेगळी होते का, हे तो साइन-ऑन झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला फोनवर सांगेल. होत नसेल तर तांबड्या समुद्रात शिरण्याआधीच्या बंदरावर उतरायला सांगा. लाजायचं काही कारण नाही.

*

हुती म्हणजे इराणचं प्यादं, सौदी म्हणजे अमेरिकेचा माणूस, मग अमिराती आणि सौदी यांची एडनमध्ये आपसात मारामारी कशी? कोण कोणाच्या बाजूचा, एकदा नीट सांगा. वर्तमानपत्र वाचून डोकं फिरतं.
*(निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)*

सर, डोकं फिरतं कारण आपण 'बाजू' शोधतो. मीही वर्षानुवर्षं शोधली. मग एका जुन्या पायलटने (बंदरात बोट आत नेणारा पायलट, विमानाचा नव्हे) मला सांगितलं, की इथे माणसाला बाजू विचारू नका, कुठलं बंदर त्याच्या हातात आहे ते विचारा. तेव्हापासून मी येमेनचा नकाशा तसाच वाचतो. होदेइदा हुतींकडे. तिथूनच उत्तरेतल्या लोकांचं धान्य आणि तेल येतं, म्हणून उत्तर त्यांच्या हातात. मोखा तारिक सालेहकडे (तो कोण ते पुढे येतंच), पाठीशी २०२५ पर्यंत अमिराती. एडन २०२५ च्या अखेरपर्यंत दक्षिण येमेन वेगळा मागणाऱ्या फुटीरांकडे होतं, त्यांच्याही पाठीशी अमिराती. आणि ज्याला जग येमेनचं सरकार म्हणतं, सौदी ज्याला पोसतं, त्या सरकारचे मंत्री बराच काळ रियाधच्या हॉटेलांत राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एडनसाठी या दोघांचीच माणसं एकमेकांवर तुटून पडली, आणि सरकारी फौजांवर अमिरातीच्या विमानांनी बॉम्ब टाकले. २०१५ साली हेच दोघे खांद्याला खांदा लावून हुतींविरुद्ध उतरले होते. सौदीला आपली दक्षिण सीमा शांत हवी होती, अमिरातीला किनारा हवा होता. शत्रू एक होता, पण हवं होतं ते वेगळं.

आता 'प्यादं'. इराण शस्त्रं देतो, तंत्र देतो, हे उघड आहे. पण प्यादं म्हटलं की वाटतं तेहरानहून पेटीत घालून पाठवलेत. हुती सादाच्या डोंगरातले झैदी. झैदी हा शियांचाच एक पंथ, पण इराणच्या शियांहून वेगळा. त्यांच्या इमामांनी उत्तर येमेनवर जवळजवळ हजार वर्षं, मध्ये खंड पडत, राज्य केलं. १९६२ साली ते गेलं. त्या वर्षी सैन्याने इमामाला हाकललं, इजिप्तच्या नासेरने नव्या प्रजासत्ताकाच्या मदतीला फौज पाठवली, आणि ती वाढत वाढत सत्तर हजारांपर्यंत गेली. मग डोंगरातल्या झैदी इमामाला सोनं आणि बंदुका कोणी पुरवल्या? सौदीने! आणि रात्रीच्या अंधारात विमानातून पॅराशूटने शस्त्रं कोणी टाकली? इस्रायलने, कारण नासेरची फौज येमेनमध्ये जितकी अडकेल तितकी सिनाईत कमी. ज्या लोकांना तेव्हा इस्रायलने वरून बंदुका दिल्या, त्यांच्या नातवांवर २०२४ आणि २०२५ मध्ये इस्रायलच्या विमानांनी बॉम्ब टाकले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून डेकवर एक चक्कर मारून आलो.

दुसरी गोष्ट अली अब्दुल्ला सालेहची. १९७८ पासून २०१२ पर्यंत राष्ट्राध्यक्ष. येमेनवर राज्य करणं म्हणजे सापांच्या डोक्यांवर नाचणं, असं तो म्हणायचा. स्वतः झैदी, तरी २००४ ते २०१० हुतींशी सहा लढाया केल्या, पहिल्याच लढाईत त्यांचा नेता हुसेन मारला गेला. २०११ च्या उठावाने त्याची खुर्ची गेली. मग गडी काय करतो? त्याच हुतींशी हातमिळवणी! २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ते सना शहरात शिरले, तेव्हा सालेहच्या जुन्या पलटणींनी वाट अडवली नाही. तीन वर्षांनी त्याने पुन्हा पलटी खाल्ली, सौदीला सांगितलं की बोलू या. २ डिसेंबर २०१७ ला हे जाहीर केलं आणि ४ तारखेला हुतींनी त्याला मारलं. मोखा हातात असलेला तारिक हा त्याचाच पुतण्या. काकाबरोबर हुतींच्या बाजूने होता, आता त्यांच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

आणखी एक तारीख वहीत टिपून ठेवा : १० मार्च २०२३. सौदी आणि इराण यांनी बीजिंगमध्ये बसून पुन्हा वकिलाती उघडायचं ठरवलं. त्यामुळे पुढे डिसेंबरमध्ये हुतींविरुद्ध अमेरिकेने नौदलांची आघाडी काढली, तेव्हा येमेनवर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकणाऱ्या सौदीने त्यात नाव दिलं नाही. त्यांना २०१९ मधली आपल्या अबकैकच्या तेलप्रकल्पाची आग आठवत होती, तो हल्ला आपणच केल्याचं हुतींनी सांगितलं होतं. सुवेझच्या कमाईवर पाणी सोडावं लागलेला इजिप्तही गप्प राहिला. गाझात लोक मरत असताना इस्रायलच्या बाजूने उभं राहिल्यासारखं दिसणं कैरोत कोणाला परवडणारं नव्हतं. अरबांपैकी उघडपणे एकटा बहरीन आला. अमेरिकेने तरी काय केलं? २०२५ च्या मार्चमध्ये जोरदार हल्ले सुरू केले, आणि ६ मेला ओमानच्या मध्यस्थीने जाहीर केलं, की हुती आमच्या बोटींवर मारणार नाहीत, आम्ही त्यांच्यावर मारणार नाही. इस्रायलचं नाव त्यात नव्हतं. दोनच दिवस आधी तेल अवीवच्या विमानतळापाशी हुतींचं क्षेपणास्त्र पडलं होतं.

*

तांबडा समुद्र खरंच तांबडा असतो का?
*(इयत्ता सहावी, चिपळूण)*

नाही रे बाळा, निळाच. कधी कधी एका जातीचं शेवाळ फुलतं आणि मरताना तांबूस-तपकिरी पट्टे दिसतात. मी एकदाच बघितलं. गंजलेलं पाणी सांडल्यासारखं.

*

गोडी छाटणी झाली. गेल्या दोन हंगामांत निर्यातदार 'येमेन' म्हणून भाव पाडतो. येमेनमध्ये कोणी गोळी झाडली तर निफाडच्या द्राक्षाचा काय संबंध? का ही नुसती सबब आहे?
*(द्राक्ष बागायतदार, निफाड)*

दादा, थोडी सबब आहे, थोडं खरं आहे. खरं किती ते सांगतो, मग भाव करताना तुम्हीच बोला.

न्हावा-शेवाहून रॉटरडॅम सुवेझमार्गे साधारण ६३०० सागरी मैल. आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून गेलं तर १०,८०० च्या आसपास. पंधरा नॉटच्या (ताशी पंधरा सागरी मैल) वेगाने बारा दिवस जादा, तेही वाटेत वादळ नाही असं धरून. त्या बारा दिवसांचं इंधन, पगार आणि बोटीचं भाडं भाड्यात चढतं. शिवाय बोटी तेवढ्याच आणि प्रत्येक फेरी लांबलेली, म्हणजे रिकामा रिफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर तुमच्या पॅकहाऊसवर वेळेवर येत नाही. भाव चढण्याचं हे मोठं कारण. वर्तमानपत्रात ते येत नाही, कारण त्यात स्फोट नाही.

सुवेझवरून जायचं तर विम्याची गोष्ट. युद्धजोखमीचा हप्ता वेगळा असतो, एका फेरीसाठी सात दिवसांचा. शांत काळात तो बोटीच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याच्याही आत असायचा. २०२४ च्या सुरुवातीला ०.७ ते १ टक्का झाला. पाच कोटी डॉलरची बोट धरा : साडेतीन ते पाच लाख डॉलर, फक्त ती चिंचोळी वाट ओलांडायला. म्हणून मालक म्हणतो, चला केपवरून.

आता तुमचा हिशेब. युरोपच्या कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं बसतात. भाडं १००० डॉलरने वाढलं तर किलोमागे पावणेसात रुपयांच्या आसपास पडतात. निर्यातदार 'येमेन' म्हणून किलोमागे वीस रुपये कापत असेल, तर भाडं तीन हजार डॉलरने वाढल्याचं बिल त्याला मागा. दाखवत नसेल तर ती सबब.

पैशापेक्षा मला काळजी देठाची वाटते. घड शून्य अंशावर, सल्फरच्या पॅडसकट बंद, तरी पंचवीस दिवसांची द्राक्षं आणि अडतीस दिवसांची द्राक्षं सारखी नसतात. मी रिफर बोटीवर तीन वर्षं काढलीत. कंटेनरचं दार उघडलं की आधी वास येतो, मग देठ बघायचा. हिरवा असेल तर माल विकला गेला. तपकिरी असेल तर मणी चांगले असूनही डच खरेदीदार नाक मुरडतो. केपवरून जाणारा माल असेल तर साखर थोडी कमी असताना, टणक मण्यावर काढा, आणि प्रीकूलिंग (कंटेनरमध्ये भरण्याआधी घड थंड करणं) तोडणीनंतर लगेच सुरू करा, पण ते अर्धवट आटपू नका. बोट कुठून जाणार हे निर्यातदाराला तोडणीच्या आधी विचारा. बऱ्याच जणांना ते माल लागल्यावर कळतं.

*

भारताने अमेरिकेच्या आघाडीत भाग का घेतला नाही? मुलाखतीत विचारतात. मित्र-शत्रू असा एक तक्ता करून द्याल का?
*(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)*

तक्ता देत नाही. दिला तर तुझी परीक्षा होईपर्यंत शिळा होईल. वरचं सालेहचं उत्तर पुन्हा वाच.

भारताने आघाडीत नाव दिलं नाही, पण युद्धनौका पाठवल्या, आणि त्या कमी नव्हत्या. २०२४ च्या जानेवारीत 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू बोटीला क्षेपणास्त्र लागलं. बोटीवर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी. आग विझवायला 'आयएनएस विशाखापट्टणम' धावली. मार्चमध्ये 'रुएन' चाच्यांकडून सोडवली, कमांडो विमानातून पॅराशूटने समुद्रात उतरवले, आणि पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. म्हणजे काम केलं, पाटी लावली नाही. पाटी न लावण्याचं कारण परत बंदरांतच आहे. इराणमधल्या चाबहारचा दहा वर्षांचा करार भारताने मे २०२४ मध्ये केला. इस्रायलचं हैफा बंदर एका भारतीय उद्योगसमूहाकडे आहे. आखातात आपले लाखो लोक आहेत, त्यात रत्नागिरी-रायगडचे किती, ते त्या भागातल्या कुठल्याही बँकेत विचार. आणि आपला खलाशी जवळजवळ प्रत्येक देशाच्या बोटीवर आहे. उद्या हुतींनी ठरवलं की भारतीयही शत्रू, तर पहिला मार त्या पोरांना. त्या काळात अनेक बोटी आपल्या ठिकाणाच्या सिग्नलमध्ये 'सगळे खलाशी चिनी' असं लिहून जात होत्या. 'सगळे भारतीय' लिहिल्याने निदान तोटा होऊ नये, एवढं तरी सांभाळायला हवं.

मुलाखतीत हे सगळं सांगू नकोस. बंदरांची नावं सांग, पुढचं ते विचारतील.

*

वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले असं शाळेत शिकलो. पण एडन का? अंदमान का नाही? तुम्ही तिकडे गेला असाल तर तिथे काही खूण आहे का?
*(वाचक, पनवेल)*

पनवेलच्या माणसाने हे विचारलं म्हणून बरं वाटलं. फडक्यांचं जन्मगाव शिरढोण तुमच्या दारातच.

एडन, कारण तेव्हा एडन म्हणजे मुंबईच. १९ जानेवारी १८३९ ला ईस्ट इंडिया कंपनीने ते घेतलं. मुंबई-सुवेझ फेऱ्या करणाऱ्या आगबोटींना वाटेत कोळसा हवा होता. त्यानंतर जवळजवळ शतकभर तिथला कारभार मुंबई इलाख्यातून चालला, १९३७ साली ते हिंदुस्थानापासून तोडून वेगळी वसाहत केली. चलन तर त्यानंतरही, १९५१ पर्यंत, रुपया. त्यामुळे मुंबई सरकारला एक माणूस महाराष्ट्रापासून लांब ठेवायचा होता, तर आपल्याच इलाख्यातला, समुद्रापलीकडचा तुरुंग सोयीचा होता. १८८० मध्ये नेलं. एकदा बिजागऱ्यांतून दार काढून ते निसटले, पण त्या उघड्या, काळ्या डोंगरांत लपायला झाड नाही. पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले.

मी एडनला पहिल्यांदा लागलो १९८२ मध्ये, कॅडेट असताना. ट्रेनिंगबोट 'राजेंद्र'वरून निघून दोनच वर्षं झाली होती. तेव्हा दक्षिण येमेन वेगळा देश, कम्युनिस्ट, बंदरात रशियन नौका. इंधन घ्यायला आठ तास होतो. चीफ ऑफिसरने दोन तास दिले. क्रेटर भागात, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात शहर वसलंय तिथे, गेलो. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. एका दुकानात म्हातारा बसला होता, कपडे बघून म्हणाला, 'बंबई?' हिंदी बरी बोलत होता, वडील मुंबईच्या बंदरावर कामाला होते म्हणाला. त्याला विचारलं, इंग्रजांचा जुना तुरुंग कुठे. त्याने मान हलवली. तुरुंग बरेच आहेत, कुठला पाहिजे? ते म्हणताना त्याने एकदा दाराबाहेर बघितलं. मी फडक्यांची गोष्ट सांगितली, माझ्या तोडक्या हिंदीत, दारासकट. त्याने गल्ला उघडला आणि आतून जॉर्ज राजाचा एक रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी विकत मागितला. दिला नाही. बोट सुटायची वेळ झाली म्हणून निघालो.

खूण मला दिसली नाही. पुढे चार वेळा एडनला लागलो, पण क्रेटरपर्यंत जायला वेळ एकदाही मिळाला नाही.